आधी भोक, मग पिन

"एकच काम होईल. दोन नाही," कारखान्याचे मालक कांतिशेठ म्हणाले. "कुठलं ते तुम्ही तिघं ठरवा आणि सोमवारी मला सांगा."

आम्ही तिघं म्हणजे फाउंड्रीचे, म्हणजे ओतकामाच्या खात्याचे सुपरिंटेंडेंट शेखसाहेब, मशीन शॉपचे फोरमन गायकवाड आणि मी. मी कंपनीत इंडस्ट्रियल इंजिनिअर होतो. नगरच्या आमच्या कारखान्यात हे पद माझ्याआधी नव्हतंच, त्यामुळे ते कशासाठी असतं हे कुणाला माहीत नव्हतं. कामगारांच्या मते मी स्टॉपवॉच घेऊन फिरणारा आणि चहाच्या सुट्टीवर डोळा ठेवणारा माणूस. शेठच्या मते मुंबईहून कोर्स करून आलेला, म्हणजे फारसा खर्च न करता सगळं सुधारून देणारा माणूस.

साल बहात्तर. जिल्ह्यात पाऊस नव्हता. आम्ही एरवी कडबा कटर आणि घरगुती वापराचे छोटे हातपंप बनवायचो. त्या वर्षी कडबाच नव्हता, तर कटर कोण घेणार? पण सरकारी खात्यानं गावोगाव बोअर मारायला सुरुवात केली होती आणि प्रत्येक बोअरवर हातपंप लागत होता. ती ऑर्डर आम्हाला मिळाली. सगळा कारखाना त्या एका ऑर्डरवर चालला होता.

आणि पंप बंद पडत होते.

आदल्या दिवशी खात्याचे डेप्युटी इंजिनिअर स्वतः येऊन गेले होते. ते आवाज चढवून बोलत नसत, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. "आम्ही पंप बसवून गाव सोडतो," ते म्हणाले, "आणि थोड्याच दिवसांत मागून निरोप येतो, पिन झिजली, दांडा तुटला, पंप बंद. पुढची ऑर्डर तुम्हालाच का द्यावी, हे मला वर सांगता आलं पाहिजे. सध्या मला ते सांगता येत नाही."

हातपंप वाचकांनी पाहिलेला असतो, पण उघडून पाहिलेला नसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. वर ओतीव लोखंडाचं डोकं असतं, त्याला आम्ही हेड म्हणायचो. हेडला दोन कान असतात. त्या दोन कानांच्या मध्ये दांडा बसतो, तोही ओतीव, आणि तिन्हींच्या भोकांतून एक पिन जाते. त्या पिनेवर दांडा वरखाली होतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी सळई लटकते, ती खाली बोअरमध्ये जाते आणि पाणी उचलते. घरगुती पंपाचं पाणी हाताशी असतं. बोअरचं पाणी फार खोल. सगळा भार त्या पिनेवर येतो.

तर शेठ म्हणाले तशी एकच सुधारणा करायची, ती कुठली? शेखसाहेबांना नवा कुपोला हवा होता. कुपोला म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी. आमचा जुना झाला होता, त्यातलं बरंच ओतकाम वाया जायचं. गायकवाडांना पिनेला पाणी द्यायची भट्टी हवी होती. पाणी देणं म्हणजे पोलाद लाल तापवून एकदम थंड करायचं, की ते कडक होतं. पिन झिजते ना, मग पिनच कडक करा, असं त्यांचं सरळ म्हणणं. आणि शेठना हवं होतं स्प्रे पेंटिंगचं बूथ. कोल्हापूरकडच्या कुणाचा तरी चकचकीत हिरवा पंप त्यांनी पाहिला होता. त्यापुढे आपला पंप म्हणजे उन्हात करपलेला माणूस दिसतो, असं ते म्हणायचे.

अडचण अशी की तिघांचंही खरं होतं. तिन्हींतून फायदाच झाला असता. खोटं बोलणारा कुणी असला की निवड सोपी जाते.

कोर्समध्ये आम्हाला एक पद्धत शिकवली होती. प्रत्येक कामाला फायद्याचे मार्क द्यायचे, खर्चाचे द्यायचे, लागणाऱ्या वेळाचे द्यायचे, आणि बेरीज करायची. मी ती करून पाहिली. गायकवाडांची भट्टी सहज पहिली आली. मी सुटकेचा निःश्वास टाकायच्या बेतात होतो. पण बेरजेत एक प्रश्न कुठंच बसत नव्हता. तो मी गायकवाडांना विचारला.

"फोरमनसाहेब, पिन का झिजते?"

"वापरून झिजते," गायकवाड म्हणाले. "चप्पल का झिजते?"

"पण इतक्या लवकर?"

"पुरं गाव एका पंपावर. लवकरच झिजणार."

उत्तर पटण्यासारखं होतं. तरी मी शेठकडे जीप मागितली. गावात जाऊन बंद पडलेला पंप पाहिल्याशिवाय मी कुठल्याच कामाचं नाव सांगणार नाही, असं म्हणालो. शेठनी पेट्रोलवरून कुरकूर केली, पण जीप दिली. मी गेटपाशी आलो तर शेखसाहेब आधीच पुढच्या सीटवर बसलेले. डोक्यावर टोपी, पायाशी हत्यारांची पेटी.

शेखसाहेब भिंगारचे. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन म्हणून अर्धी नोकरी काढून आमच्याकडे आलेले. कपड्याला घडी, बोलायला कमी.

"तुम्ही कशाला त्रास घेता?" मी म्हणालो.

"पंप तुटला म्हटलं की लोक आधी ओतकामाकडे बोट दाखवतात," ते म्हणाले. "ओतकाम माझं आहे. मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या."

आम्ही कर्जतच्या बाजूला निघालो. रस्त्याच्या दोन्ही कडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसली होती. बायकांनी उन्हासाठी पदर पार कपाळावर ओढलेले. जीपच्या धुळीत ती दिसेनाशी व्हायची, पण हातोड्यांचा आवाज मागं मागं यायचा. मिरजगाव ओलांडून आम्ही आत वळलो. पहिलंच गाव. चावडीजवळ आमचा पंप. दांडा दोरीनं हेडला बांधून ठेवलेला, म्हणजे कुणी हलवू नये. बाजूला रिकामे हंडे रांगेनं मांडून ठेवले होते. पाणी नव्हतं, तरी नंबर लावून ठेवलेला.

जीप थांबल्याबरोबर बायका जमल्या. भामाबाई नावाच्या एक पोक्त बाई पुढं आल्या.

"तुमी पंपवालं का?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंग लई बेस झालं आलात. आता चालू करूनच जावा. पंप बंद पडल्यापास्नं आमी वढ्यातल्या झिऱ्यावर जातोय. वाटी वाटीनं पानी भरावं लागतंय. येक हंडा भरस्तवर दुसरीचं डोकं तापतंय."

"बंद पडायच्या आधी काय होत होतं?"

"पयल्यापास्नंच जड हुता. दांडा खाली वढाया दोघी लागायच्या. मंग हलका झाला. आमाला वाटलं, बरं झालं. तर दांडा डुगूडुगू हलायला लागला. आन येक दिस खाडकन् वाजलं, आन पानीच न्हाई."

शेखसाहेबांनी दोरी सोडली. पिन बाहेर काढायला त्यांना बरंच ठोकावं लागलं. निघाली ती वाकलेली होती, आणि झिजली होती फक्त एका अंगानं. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि खाली वाकून एका कानाच्या भोकाला डोळा लावला. बराच वेळ तसेच राहिले.

"बघा," ते बाजूला होत म्हणाले.

मी पाहिलं. अलीकडच्या कानाच्या भोकातून पलीकडच्या कानाचं भोक पूर्ण गोल दिसायला हवं. मला चंद्रकोरीएवढं दिसलं.

"दोन कानांची भोकं एकमेकांना बघतच नाहीत," शेखसाहेब म्हणाले.

आता प्रकार ध्यानात आला. भोकं सरळ रेषेत नाहीत. पिन तिरपी बसते, म्हणून पंप पहिल्या दिवसापासून जड. मग पिन एका कडेनं झिजते, दांडा सैल होतो, बायकांना वाटतं पंप हलका झाला. सैल दांडा आपटत राहतो. शेवटी पिन वाकते नाहीतर दांडा तुटतो.

कारण सापडलं होतं, पण आमच्याजवळ नवी पिन नव्हती. बायका गोल करून उभ्या होत्या. "फॅक्टरीत जाऊन पाठवून देतो" हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं, पण भामाबाईंकडे बघून ते बाहेर पडेना. शेखसाहेबांनी टोपी काढून जीपमध्ये ठेवली आणि पेटीतून गोल कानस काढली. ते स्वतः भोकं घासायला बसले. मी ड्रायव्हरला घेऊन मिरजगावला लोहाराकडे गेलो, माप देऊन बैलगाडीच्या जुन्या कण्याच्या लोखंडाची जाड पिन करून घेतली. परत आलो तेव्हा शेखसाहेबांच्या सदऱ्याची घडी गेली होती आणि दोन्ही भोकं एकमेकांना बघत होती.

पिन हातानं आत गेली. भामाबाईंनी दांडा धरला. पहिल्यांदा नुसती हवा आली, मग खालून घरघर, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. त्या एकट्याच दांडा मारत होत्या. "आगं, लई हलका झालाय की!" त्या ओरडल्या, आणि हंड्यांची रांग क्षणात मोडली. मला आजही आठवतं, माझे खांदे एकदम खाली आले. इतका वेळ ते ताठ होते हे मला तोवर कळलंच नव्हतं.

पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावात दांडाच तुटून पडला होता. शेखसाहेबांनी तुटलेला तुकडा उन्हात धरून त्याचा दाणा, म्हणजे तुटल्या जागचा लोखंडाचा पोत, पाहिला. ओतकामात दोष असला तर तुटलेल्या जागी बुडबुड्यांची पोकळी दिसते. इथं दाणा एकसारखा होता.

परतताना त्यांनी तो तुकडा मांडीवर घेतला होता. मग म्हणाले, "वाबळे, माझं ओतकाम चांगलं आहे."

"आहेच, साहेब."

"म्हणजे माझा कुपोला गेला." आणि ते हसले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसणं.

आता खरं अवघड काम होतं. प्रोजेक्ट निवडायचा म्हणजे कुणाच्या तरी खात्याचं नाव घ्यायचं, आणि नाव घेतलं की त्या माणसाला ते आरोपासारखं लागतं. भोकं गायकवाडांच्या मशीन शॉपमध्ये पडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना जाऊन सांगितलं. अपेक्षेप्रमाणे ते भडकले.

"शेखसाहेबांबरोबर जीपमधून फिरून आलात, आणि दोष सापडला माझ्या खात्यात. फार छान!"

"फोरमनसाहेब, माझं चुकत असेल तर मला दाखवा. एक सरळ रॉड घेऊ. पिनेच्या मापाचा. तयार पंपांच्या कानांतून घालून बघू."

त्यांनी टूल रूममधून स्वतः निवडून रॉड आणला. पहिल्या पंपाला तो पलीकडच्या कानावर अडला. दुसऱ्याला गेला. तिसऱ्याला अडला. चौथ्याला अडला. गायकवाडांनी रॉड पुसला, फिरवून पाहिला, दुसऱ्या टोकानं घालून पाहिला. मग मला काही न सांगता ते पुढच्या पंपाकडे गेले. अशी त्यांनी अर्धी ओळ तपासली. माझ्यापेक्षा जास्त कसून.

शेजारी असेंब्लीत, म्हणजे पंप जोडायच्या जागी, एकजण हातोड्यानं पिन ठोकत होता. ठण् ठण् ठण्.

"रोज ऐकतो हा आवाज," गायकवाड हळू म्हणाले. "पिन हातानं जायला पाहिजे. आपण ठोकतोय."

कारण काही गूढ नव्हतं. हेडवर खडूनं खूण करायची, एका कानाला भोक पाडायचं, हेड उलटं करायचं, दुसऱ्या कानाला पाडायचं. घरगुती पंप वर्षानुवर्षं असेच बनले आणि चालले, कारण त्यांच्यावर भार नव्हता. बोअरच्या पंपाला तेवढी ढिलाई चालत नव्हती. वर शेठची घाई. दिवसाला जास्तीत जास्त पंप बाहेर काढायचे होते.

"आणि पिनेला पाणी दिलं असतं तर?" मी विचारलं.

गायकवाडांनी रॉडचं टोक अंगठ्यानं चाचपलं. "तर भोकं तिरपीच राहिली असती आणि पिन झिजली नसती. कडक पिनेनं हेडच कापून काढलं असतं. पिन बदलता येते. गावात हेड कोण बदलणार?"

म्हणजे माझ्या बेरजेत पहिलं आलेलं काम पहिलं केलं असतं, तर पंप आणखी वाईट झाले असते. काम चांगलंच होतं, फक्त त्याची पाळी यायची होती.

"जिग लागेल," गायकवाड म्हणाले. जिग म्हणजे एक लोखंडी साचा. त्यात हेड बसवलं की ड्रिलला ठरलेल्या जागीच जावं लागतं, इकडेतिकडे सरकता येत नाही. "मी बनवतो. पण जिग होईस्तवर पंप बाहेर जाता कामा नयेत. आणि गेटवर ट्रक भरून उभा आहे."

आम्ही तिघं शेठच्या केबिनमध्ये गेलो. सोमवार अजून लांब होता. मी सांगितलं, की प्रोजेक्ट ठरला, आणि तो तिन्हींपैकी एकही नाही. आधी जिग. जिग चालली की पिनेला पाणी. कुपोला त्यानंतर. रंगाचं बूथ सगळ्यांत शेवटी. आणि गेटवरचा ट्रक रिकामा करायचा.

शेठचा चेहरा उतरला. "ट्रक रिकामा? खात्याला आज माल पाठवतो म्हणून मी शब्द दिलाय. आणि शेखसाहेब, तुम्ही यांच्या बाजूनं? तुमच्या कुपोल्याचं काय?"

"कुपोला मला हवाच आहे," शेखसाहेब म्हणाले. "पण मी दांड्याचा दाणा पाहून आलोय. हे पंप तुटतात ते माझ्या भट्टीमुळे नाही. नवा कुपोला घेतलात, तरी तितकेच तुटतील. मग तुम्ही मला विचाराल, आणि माझ्याकडे उत्तर नसेल."

गायकवाडांच्या हातातला रॉड शेठनी मागून घेतला आणि धोतर सावरत थेट गेटवर गेले. ट्रकवर चढले. आम्ही खाली उभे. एका पंपाला रॉड घालून पाहिला, दुसऱ्याला पाहिला. मग तिथूनच हमालांना हाक मारली, "उतरवा रे सगळं."

डेप्युटी इंजिनिअरांना सांगायला मला पाठवलं. उशीर होणार आणि का होणार, दोन्ही मी सांगून टाकलं. वाकलेली पिन सोबत नेली होती, ती टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"उशीर चालेल," ते म्हणाले. "बंद पडलेला पंप बघायला जायचं तर मला जीप लागते, आणि या ऑफिसात जीप एकच आहे."

मी बाहेर येऊन पायरीवर जरा बसलो. मगच सायकल काढली.

गायकवाडांची पहिली जिग फसली. ड्रिल ज्या छोट्या नळीतून जातं, ती नळीच मऊ होती. थोड्याच कामात तिचं तोंड मोठं झालं आणि भोकं पुन्हा सरकू लागली. त्यांनी आणखी कडक नळ्या करून दुसरी बनवली. तिच्यातून निघालेल्या प्रत्येक हेडमध्ये पिन हातानं जायला लागली आणि असेंब्लीतला ठणठणाट थांबला. मागच्या आवारात आम्ही एक पंप उभा केला, सळईला भार टांगला, आणि येणाजाणाऱ्याला दांडा मारायला लावला. शेठही येता जाता मारायचे. पंप हलकाच राहिला. मग पिनांना पाणी द्यायचं काम हाती घेतलं. आता कडक पिन सरळ भोकात बसत होती, आणि दोन्ही टिकत होती.

गावात आधीच बसवलेल्या पंपांची हेड बदलायचं काम शेखसाहेबांनी मागून घेतलं. मी त्यांच्याबरोबर दोनदा गेलो. भामाबाईंच्या गावी पोचलो तेव्हा पंपावर इतकी गर्दी होती की हेड बदलायला कुणी जागाच देईना. लोहाराची पिन चालू होती. "चालतोय त्याला कशाला हात लावता?" असं आम्हाला ऐकून घ्यावं लागलं. आम्ही बायकांचे हंडे भरेपर्यंत थांबलो आणि मग बदललं.

पंप बंद पडल्याचे निरोप कमी झाले, मग तुरळक झाले. उन्हाळा सरता सरता डेप्युटी इंजिनिअरांनी पुढची ऑर्डर पाठवली. सोबत एक शब्दही लिहिला नव्हता. शेठ म्हणाले, "काही लिहिलं नाही म्हणजे खूश आहेत." कारखान्यातल्या एकाही माणसाला घरी बसावं लागलं नाही. त्या वर्षी नगरमध्ये हे थोडं नव्हतं. मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो, असं घरच्यांचं म्हणणं.

कुपोला पुढच्या वर्षी आला. शेखसाहेबांनी त्याला पहिल्यांदा आग दिली तेव्हा पेढे वाटले.

पुढं मी बऱ्याच कंपन्यांत हेच काम केलं. मार्क देण्याची पद्धत मी टाकली नाही. ती चांगली आहे, आणि मीटिंगमध्ये लोक तिच्यामुळे शांत बसतात. पण बेरीज करण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो. बिघाड कुणी स्वतः जाऊन पाहिलाय का? आणि यातलं कुठलं काम आधी झालं नाही, तर बाकीची उलटतील? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की नंबर आपोआप लागतो. त्यात मालकाच्या आवडीचं काम बहुधा शेवटी येतं, तेवढं जरा जपून सांगावं लागतं.